बाबांचा ओव्हन-उपचार

दादास साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच समज). तू आणि वहिनी ठीक असाल. मी बरी आहे. बाबा बरे नाहीत, पण अंगातल्या खोड्या शाबूत आहेत.

झालं असं की, आत्याने मला विचारलं, प्रयोगशाळेत तू दिवसभर करतेस तरी काय? मी सांगितलं, बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर मायक्रोवेव्ह लहरी सोडते. त्याने पेशीच्या आत ऑक्सिजनचे उनाड रेणू वाढतात, पेशी आतून गंजल्यासारखी होते, आणि ती किती गंजली ते मी मोजते. यातलं 'कॅन्सर', 'मायक्रोवेव्ह' आणि 'गंजते' एवढंच उचलून आत्याने बाबांच्या कानात ओतलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा स्वयंपाकघरातल्या ओव्हनला पोट लावून उभे! आत कपभर पाणी फिरतंय, बाहेर बाबा. (कॅन्सर जठरात, तेव्हा निदान नेम तरी बरोबर होता.) मी घसा फोडून सांगितलं की लहरी बाहेर येत नाहीत, दार त्यासाठीच असतं. जन्मभर विजेची उपकरणं दुरुस्त केलेला माणूस शांतपणे म्हणाला, "मग दार काढू." आणि एका संध्याकाळी खरंच पेचकस घेऊन बसलेले सापडले. मी ओव्हनची वायरच कापून टाकली. (तेव्हापासून दूध गॅसवर उतू जातं.)

शेवटी प्रयोगशाळेच्या सरांची परवानगी काढून बाबांना तिथे नेलं. पांढरा कोट त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. लहरी दिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. जितका गंज, तितकी चमक. बाबा खूश. "जळतायत लेकाच्या!" मग मी लहरी दिलेल्या निरोगी पेशींची बशी ठेवली. त्याही चमकत होत्या. मग आणखी एक, जिच्यातल्या कॅन्सरच्या पेशी चार दिवसांत सावरून पुन्हा वाढायला लागल्या होत्या. बाबांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

"या कोणाच्या?"

एका बाईंच्या, मी म्हटलं. त्या कधीच वारल्या, पेशी अजून वाढतायत.

"म्हणजे घरमालक गेला आणि भाडेकरू राहिला," बाबा म्हणाले. सर मोठ्याने हसले, आणि मग खिशात पेन शोधायला लागले.

परतताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "तुमचं हे औषध व्हायला किती वर्षं?" मी म्हटलं, खूप. झालं तरच. "बरं," म्हणाले. परवा डॉक्टरांनी सांगितलं की आता फक्त दुखणं कमी करायचं औषध. बाबांनी मान डोलावली. तेव्हा काळजी नसावी. तुझी रजा संपलीय, ठाऊक आहे. धावपळ करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. जेवण आता दोन-तीन चमचेच. तरी धावपळ नको.

ता. क. (हे अक्षर माझं, बाबांचं.) चि. थोरल्यास आशीर्वाद. ही आंघोळीला गेलीय, पाकीट उघडंच आहे. ओव्हनमधून काही बाहेर येत नाही हे मला कळत नाही होय? असले ओव्हन मी ढिगाने दुरुस्त केलेत. पण आजार कळल्यापासून ही माझ्याशी बोलेचना. गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि भिंतीकडे बघायची. ओव्हनला टेकलो की मात्र तासभर ओरडायची. घरात माणसं आहेत असं वाटायचं. प्रयोगशाळेतून आल्यापासून पुन्हा गप्प आहे. नळ सोडून रडते, तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मी गेल्यावर हिच्याशी भांडायला कोणीतरी लागेल. मी आहे तोवर ये, म्हणजे कसं चिडवायचं ते दाखवून ठेवतो.