नऊ जणींचा एक नंबर

अमरावती,
सोमवार, १४ नोव्हेंबर २००५

आदरणीय मामींना आणि नागसेनमामांना संध्याचा जयभीम.

मामींचं नाव आधी लिहिलं, कारण रागावण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. गेल्या बारा दिवसांत मी तीनदा अकोल्याला येऊन गेले आणि एकदाही तुमच्या घराची पायरी चढले नाही. तिन्ही वेळा स्टँडवर उतरले, तोंडाला ओढणी बांधली आणि चौकशीच्या खिडकीत तुम्ही बसलेले असाल म्हणून मागच्या फाटकानं बाहेर पडले. (तिसऱ्या वेळी खिडकीत दुसरेच कुणी होते, तरी मागूनच गेले, सवय लागली.) त्याचं कारण तत्त्वाचं आहे आणि ते पुढे येईल. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं बी.पी.? इकडे सगळं ठीक म्हणायचं. बाबा कापसाची गाडी घेऊन तिवशाच्या खरेदी केंद्राच्या रांगेत आहेत, आज चौथा दिवस, आई तिवशाला कुणी जाणारं दिसलं की डबा पाठवते. मी खोलीवर आहे, एम.ए.चा अभ्यास चालू आहे असं घरी सांगितलं आहे. खरं तर मी एका आकड्यासाठी भांडत आहे.

तुम्हाला माहीत आहेच की आपल्या गावच्या विहारातल्या बायकांनी श्रीलंकेला, अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायला जायचं ठरवलं. यात पुढाकार माझ्या दुर्गाआत्याचा. तिचा डावा डोळा काचबिंदूनं गेला, उजव्याचं डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. ती म्हणाली, ‘दिसते तोवर झाड पायतो, मंग काय पायाचं ते आठवून पायीन.’ तिच्यामागे पार्वताबाई, शकुनकाकू अशा करत नऊ जणी झाल्या, आणि सोबत लिहितं-वाचतं माणूस पाहिजे म्हणून आणखी एक. (दहावीचं नाव इथे महत्त्वाचं नाही.)

पासपोर्टचे दहाही अर्ज मी भरले, एकाच पेनानं, एकसारख्या अक्षरात. एजंटचं तोंडही बघितलं नाही. आपल्या गावच्या बायका एकेकट्या कुठे जात नाहीत, दवाखान्यातसुद्धा एकीला दाखवायचं असलं तर चौघी जातात. तेव्हा अर्जही दोऱ्यानं एकत्र बांधून, एकाच दिवशी, एकाच खिडकीत दिले. जन्मतारीख कुणालाच सांगता येईना. गावात ज्याला तारीख माहीत नाही त्याचा जन्म एक जूनचा, हे तर तुम्हालाही माहीत आहे (तुमचाही एक जूनचाच आहे, आणि माझाही, शाळेत गुरुजींनी टाकलेला). म्हणून नवांच्या नवांचा एक जून लिहिला आणि वर्षं अंदाजानं, जी ज्या दुष्काळात रांगत होती त्याप्रमाणे.

मग एके दिवशी पोस्टमन सूर्यभान दहाही पुस्तिका घेऊन सायकलवर आला. मामा, या नव्या पुस्तिका तुम्ही बघायला हव्यात. पूर्वीसारखा डिंकानं डकवलेला फोटो नाही, फोटो कागदातच छापलेला. हातानं लिहिलेलं काही नाही. खाली दोन ओळींत इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यामागे बाणांच्या टोकांची रांग. आत्यानं विचारलं, ‘हे बाण कोनाकडे चालले व?’ मी सांगितलं, या ओळी माणसासाठी नाहीत, यंत्रासाठी आहेत, यंत्र त्या वाचतं. यावर पार्वताबाई म्हणाल्या, ‘मशीनलेई शाळेत घातलं म्हना, आमालेच तेवढं कोनी नाही घातलं.’ पण सगळ्या हरखल्या होत्या. रेशनकार्डावर त्या कुणाच्या तरी बायको आहेत, सातबाऱ्यावर तर नाहीतच. इथे मात्र पहिल्याच पानावर स्वतःचा फोटो, स्वतःचं नाव आणि जगात दुसऱ्या कुणाचा नाही असा स्वतःचा नंबर. हे जगात दुसऱ्या कुणाचा नाही वगैरे मीच छाती फुगवून सांगितलं होतं. विहारात, माइकवरून.

आता अकोल्याचं ऐका. यात्रेचं सगळं काम ‘बोधिपल्लव यात्रा मंडळ’ या कंपनीकडे आहे. मालक पुंजाजी. त्यांच्या कार्यालयात एक संगणक आहे, त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे आणि लोडशेडिंग नसलं की ते आवरण काढतात. संगणकावर मिस्बाह नावाची मुलगी काम करते, माझ्याच वयाची. ती संगणकाशी हिंदीत आणि माणसांशी वऱ्हाडीत बोलते आणि दोघांशीही शांतपणे. आम्ही दहाही जणी बसनं गेलो. मिस्बाहनं पहिला पासपोर्ट घेतला. आता नीट लक्ष द्या. जुन्या पुस्तिकांवर एक अक्षर आणि सहा आकडे असायचे, म्हणून कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये नंबरासाठी सातच घरं ठेवलेली आहेत. नव्या पुस्तिकांवर एक अक्षर आणि सात आकडे. आठवा आकडा जाणार कुठे? तो गेलाच नाही. ई ४७१८२३० असं टाइप केलं, संगणक शेवटी टूं म्हणाला, शून्य बाहेर राहिलं आणि नाव नोंदलं गेलं. आम्हाला वाटलं, टूं म्हणजे मंजूर.

दुसरा नंबर आत्याचा, शेवटी एक. तो एकही बाहेर राहिला. संगणकानं पडद्यावर लिहिलं, ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.’ मग पार्वताबाई, शेवटी दोन. आधीच नोंदलेली आहे. शकुनकाकू, तीन. त्याही. मामा, आम्ही एकत्र बांधून अर्ज दिले म्हणून नंबर ओळीनं आले, शून्यापासून नवापर्यंत, आणि शेवटचा आकडा कापला की दहाच्या दहा एकच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खिडकीत, गडबड करत अर्ज दिले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. शिस्तीची शिक्षा झाली म्हणायची. मिस्बाहनं बिचारीनं दुसरी माहिती पडताळायला सांगितली, तर संगणकानं पाहिलं की गाव तेच, आडनाव तेच, जन्म एक जूनचा. त्याची तर आता खात्रीच पटली. तेवढ्यात पुंजाजी आतून आले, पडदा बघितला आणि म्हणाले, ‘हे एकच बाई दहा वेळा काहून येऊन राहिली?’ समोर दहा बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

मला जे लागलं ते हे, मामा. या बायकांना जन्मभर एकात गुंडाळलं गेलं. मजुरीच्या हजेरीपटावर ‘पुंडलिक व बायको’, सभेच्या वृत्तांतात ‘महिलाही उपस्थित होत्या’. साठीला येऊन एकेकीला आपापला नंबर मिळाला तर एका यंत्रानं पुन्हा सगळ्यांची मिळून एक बाई केली. आणि त्या यंत्राचा दोष नाही, दोष सात घरं आखून निघून गेलेल्या माणसाचा आहे. तो आता कुठे असतो हे पुंजाजींनाही माहीत नाही.

दुसऱ्या फेरीत मी आणि आत्या, दोघीच. मिस्बाह म्हणाली, शेवटचा आकडा नको कापायला, अक्षरानंतरचा पहिला कापून बघू. बघितलं. आत्याचा नंबर टाकला आणि पडद्यावर आला चंद्रभान, पुरुष, वय चोपन्न, संत्र्याचा व्यापार, मुक्काम वरूड. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला थायलंडला नेलं होतं, त्याच्या जुन्या पासपोर्टचा नंबर नेमका तेवढाच. आत्या चष्मा पुसून म्हणाली, ‘मी वरूडले कधी गेलीच नाही, बाप्पा.’ गावात ही गोष्ट सांगू नको म्हटलं होतं, तिनं बसमधून उतरायच्या आत सांगितली. तेव्हापासून पार्वताबाई तिला रोज विचारतात, ‘चंद्रभानजी, अवंदा संत्र्याले भाव काय?’

तिसऱ्या फेरीत पुंजाजींनी यावर तोडगा काढला, तोही ऐका. नऊही बायकांनी आपापले पासपोर्ट परत करावेत आणि सहा आकडी जुन्या नंबराचे मागून आणावेत. मी म्हटलं, नवा नंबर सरकारनं दिला, तुमचा प्रोग्रॅम बदला. ते म्हणाले, ‘सरकार बदलते, प्रोग्राम कोन बदलनार?’ मग मला न्याहाळून म्हणाले, ‘तुमी नागसेनची भाची ना? आमी एका बाकावरचे. आधी सांगतलं असतं तं काही पायलं असतं.’ इथे माझं डोकं फिरलं. हेच ते तत्त्व, याच्यासाठीच मी तुमच्या खिडकीसमोरून गेले नाही. मी म्हटलं, मला भाची म्हणून काही नको, नागरिक म्हणून पाहिजे, तुमचे नियम काय ते लेखी द्या. त्यांच्याकडे लेखी नियम नव्हते. म्हणून मीच मसुदा करून दिला: कोणत्याही दुरुस्तीसाठी लेखी अर्ज, निर्णय पंधरा दिवसांत, ओळखीच्या माणसालाही अपवाद नाही. त्यांना तो फार आवडला. फ्रेम करून भिंतीवर लावला आहे.

विमानासाठीची यादी येत्या शनिवारी बंद होते. पुढची सहल थेट एप्रिलमध्ये, आणि एप्रिलपर्यंत आत्याच्या उजव्या डोळ्याचं काय होईल हे कुणी सांगत नाही. मी आतापर्यंत सात अर्ज दिले आहेत: चार कंपनीला, एक ग्राहक पंचायतीला, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक वर्तमानपत्राला (त्यांनी तो ‘हरवले-सापडले’मध्ये छापला). आठवा अर्ज, सहा पानांचा, उद्या स्वतः नेऊन देणार आहे. तुमच्याकडे माझं काहीच मागणं नाही. आपल्या घरात कुणाला तरी ही लढाई माहीत असावी, एवढ्यासाठीच लिहिलं. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर; या पदवीचा उपयोग नऊ बायकांना नऊ म्हणून मोजून घेण्यासाठी झाला नाही तर ती पेटीतच बरी.

मामींना सांगा, राग धरू नका. गुडघ्याला एरंडेल लावत जा.

कुणाचीही ओळख न सांगणारी
तुमची भाची,
संध्या

ता. क. (मंगळवार, संध्याकाळ): पत्र टाकायचं राहून गेलं होतं, बरं झालं. आज आठवा अर्ज घेऊन अकोल्याला गेले. आत्या हट्टानं सोबत आली, येताना नवांचे पासपोर्ट पिशवीत घेऊन. पुंजाजी बाहेर गेले होते. मी मिस्बाहला सहा पानं वाचून दाखवत होते, तिसऱ्या पानावर आत्यानं मला थांबवलं आणि तिला विचारलं, ‘पोरी, हे पयलं अक्षर सगळ्याइचं सारखंच आहे का?’ मिस्बाह म्हणाली, हो, ई. ‘मंग त्याले कायले बसवलं? सात घरं आहे, सात आकडे आहे. त्याले उठव.’ मिस्बाहनं ई न लिहिता नुसते सात आकडे टाकले. टूं झालं नाही. नऊच्या नऊ जणी चहा येईपर्यंत नोंदल्या गेल्या. यादी छापून आली की प्रत्येक नंबराआधी मिस्बाह पेनानं ई लिहिणार आहे. मी म्हटलं, हे नियमाला धरून नाही. आत्या म्हणाली, ‘तू तुहा अर्ज वाच, आमी आयकून राहिलो.’

ता. क. २: वर पत्रात एक गोष्ट मोघम राहिली. दहावी मीच, आणि पहिल्या दिवशी स्वीकारला गेला तो पासपोर्टही माझाच. मी गठ्ठ्यात माझा अर्ज सगळ्यांत वर ठेवला होता, बाकीच्यांना नमुना म्हणून. त्यामुळे आता कंपनीच्या संगणकात नऊही जणींचे नंबर पूर्ण आहेत आणि माझ्या एकटीचा शेवटून एक आकड्यानं अपुरा. अपुऱ्या नंबरावर विमानात बसवत नाहीत. पुन्हा नोंदवायला गेलं तर संगणक म्हणतो, या नावाची व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. जुनी नोंद खोडायचा पासवर्ड फक्त पुंजाजींकडे. ते परत येईपर्यंत मी थांबले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. लेखी अर्ज, पंधरा दिवस, ओळखीच्या माणसालाही अपवाद नाही. यादी शनिवारी बंद होते.

मामा, तुम्ही दोघं एका बाकावरचे होतात ना? शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर त्यांच्याकडे चहाला जाऊन या. मुद्दाम म्हणून नाही, सहज. बोलता बोलता माझा विषय निघाला तर निघू द्या, नाही निघाला तर तुम्हीच काढा.

ता. क. ३: आत्या आज माझ्या खोलीवरच मुक्कामाला आहे. आताच विचारत होती, माझी चाकांची बॅग यात्रेला नेली तर चालेल का. माझं नाव यादीत नसलं तर ती घरी रिकामीच राहील म्हणे. मी अजून हो म्हटलेलं नाही. ती मात्र कपडे भरून राहिली आहे.