पांढरा साप, थंड जागी ठेवावा

मोंबेत्सु,
२३ डिसेंबर २०२४

ती. चिहारुताईस,
तेप्पेईचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मुद्द्यावर आलीस की नेमकी माझी रेंज जाते, असं तू म्हणतेस. म्हणून हे पत्र. शाळेत सगळी वर्षं मिळून लिहिलं नसेल एवढं आज लिहितोय, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आजोबांना वाचून दाखवताना अधलंमधलं गाळ.

इथे बर्फ खिडकीच्या वर गेलाय. दिवसभर शिंपले सोलतो. मुकादम म्हणतो, पोराचा हात चपळ आहे पण बूड स्थिर नाही. चार वर्षांतली ही सहावी नोकरी, हे त्याला मी सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. मार्चअखेर आपला हमामखाना बंद करायचा असं तू मागच्या फोनवर म्हणालीस. आजोबांचे गुडघे गेले, भट्टीत लाकूड घालायला दुसरा माणूस नाही, आणि तू एकटी दारात बसणार की भट्टीवर उभी राहणार. हे सगळं मी ऐकलं होतं. रेंज त्याच्यानंतर गेली. तेव्हापासून डोकं चालवतोय आणि उपाय सापडलाय.

येतं वर्ष सापाचं, बारा वर्षांनी आलेलं. पणजोबांच्या काळी आपल्या अंगणातल्या बेंतेनदेवीच्या देवळीपाशी पांढरा साप निघाला आणि त्या वर्षी शेजारच्या बेटांवरून माणसं होड्या भरभरून आंघोळीला आली, हे आजोबांनी आपल्याला किती वेळा ऐकवलंय! तर मी देवीसाठी पांढरा साप घेतलाय. खराखुरा. ऑनलाइन. माणसं दर्शनाला येतील, आलेली आंघोळ करून जातील, आणि मला इथली कामं सोडून यायची गरज उरणार नाही.

विकणाऱ्याला दुकान नाही, पत्ता नाही. नाव ‘शुभ्रभाग्य’, आणि स्वतःच्या फोटोच्या जागी कोल्हा. पण पाचापैकी पावणेपाच तारे! तो लिहितो की साप स्वभावाने तोफू आहे, तान्ह्या मुलानेही गळ्यात घालावा. विकण्याआधी जनावर गिऱ्हाइकाला समोरासमोर दाखवायचा कायदा आहे ना, असं मी मुद्दाम विचारलं. तर म्हणाला, फोटो बघितलात ना, मग बघितलाच की. ‘जनावर प्रत्यक्ष पाहिले’ या चौकटीत खूण करा. केली. कुरियरवाले जिवंत जनावर नेत नाहीत म्हटलं, तर खोक्यावर काय लिहायचं ते आमच्यावर सोडा म्हणाला. इतकी जबाबदारी हल्ली कोण घेतं?

२७ तारखेला पोचेल. हे पत्र त्याच्या आधी मिळेलच. खोका आल्या आल्या उघड आणि उबेत ठेव. थंडी त्याला सोसत नाही.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर उरलेला तरी राहू दे, आणि त्यातला चमचाभर सापाला.

तुझा,
तेप्पेई

●

ओबिजिमा,
३० डिसेंबर २०२४

चि. तेप्पेई यास,
चिहारुचे अ. उ. आ. (रीत म्हणून.)

तुझं पत्र आज मिळालं. तुमच्याकडच्या बर्फात अडकलं होतं. खोका अडकला नाही. तो बरोब्बर २७ला आला.

त्याच्यावर लिहिलं होतं, ‘नववर्षाची मोची (कुटलेल्या तांदळाचा गोळा). नाजूक. थंड जागी ठेवावे.’ पाठवणारा म्हणून तुझं नाव. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा कार्ट्याला सणाची आठवण झाली, असं मी आजोबांना म्हणाले. आजोबा म्हणाले, आधी मोची बघू, मग रडू.

आत पांढऱ्या कापडाची पिशवी, वर करकचून गाठ, आणि पिशवीत काहीतरी गोल, मऊ. आपल्या तोकिए आजी, रोज तीनला आपण दार उघडायच्या आत दारात हजर असतात त्या, त्यांनी बाहेरूनच दाबून बघितलं. म्हणाल्या, तांदूळ ताजा आहे, पण त्या उत्तरेकडच्यांना मेल्यांना कुटायला जमत नाही, आत वेटोळी राहिलीत. मी पिशवी फ्रीजमध्ये ठेवली, गिऱ्हाइकांच्या कॉफीदुधाच्या बाटल्यांशेजारी. थंड जागी!

२८ला दुपारी भट्टीच्या देवापुढे मोची मांडायची. गाठ सुटेना, म्हणून पिशवीसकट पाटावर ठेवली आणि रीतीप्रमाणे वर संत्रं. आजोबांनी भट्टीत भारा टाकला आणि हात जोडले. ऊब लागली तशी मोची हलली. संत्रं आधी डावीकडे झुकलं, मग उजवीकडे, मग गडगडत आजोबांच्या पायाशी आलं. मी किंचाळले. आजोबा शांतपणे म्हणाले, ऐंशी वर्षं देव नुसता घेत होता, आज पहिल्यांदा प्रसाद परत आला. आणि त्यांनी दातांनी गाठ सोडली.

तुझा तोफू त्यांच्या अंगठ्याला चावला. मग माझ्या बाहीला. मग झाडूला. तोकिए आजी आंघोळ अर्धी टाकून टॉवेलानिशी रस्त्यावर गेल्या, आणि तिथून ओरडून सांगत होत्या की माझी कॉफीदुधाची बाटली तेवढी बाहेर आणून द्या.

काल बोटीने पलीकडे जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. विषारी नाही. अमेरिकेकडची जात, रागीट म्हणूनच प्रसिद्ध. अंगभर गोचिडीसारखे बारीक किडे आणि फासळ्या मोजून घ्या. डॉक्टर म्हणाले, हा या महिन्यातला चौथा. सापाचं वर्ष आलं की असे विकणारे बिळातून निघतात. एका बाईंना निरुपद्रवी म्हणून पाठवलेला विषारी निघाला. त्या अजून दवाखान्यात आहेत. हे ऐकताना मी आजोबांच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत होते. तूही थोडा वेळ डोळ्यांपुढे तो अंगठा आण.

आरोग्य खात्याच्या माणसाला मीच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, भट्टीच्या खोलीत बंदिस्त ठेवा. आंघोळीच्या बाजूला एकदा जरी दिसला तर त्याच दिवशी टाळं. म्हणजे आता मार्चचीही वाट बघायला नको.

थंडीत कान झाक. राग आहेच, पण कान वेगळे.

तुझी ताई,
चिहारु

●

मोंबेत्सु,
६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. या वेळी साष्टांग खरोखरचा, बर्फात.

तुझं पत्र वाचलं आणि शिंपल्यांच्या ढिगावरच बसलो. मुकादमाला वाटलं कोणी गेलं.

शुभ्रभाग्यला लगेच लिहिलं. त्याने एका ओळीत उत्तर दिलं, की आपण जनावर प्रत्यक्ष पाहिल्याची खूण केलेली आहे. दुसऱ्या दिवशी कोल्हाही नाही आणि दुकानही नाही. मग त्या ताऱ्यांखालचं लिहिलेलं मी पहिल्यांदा नीट वाचलं. अकरा जणांनी लिहिलं होतं, ‘आमच्या आजींना फार आवडला.’ अकराच्या अकरा घरांत आजीच का, हे मला घेताना सुचलं नाही. मी स्वतः सापाच्या वर्षी जन्मलेला, म्हणून जरा जास्तच हुरळलो.

आजोबांचा अंगठा कसा आहे? त्यांनी शिव्या दिल्या असतील तर पुढच्या पत्रात लिही. दिल्या नसतील तर मला जास्त भीती वाटेल.

मला सुचतं ते असं, की त्याला मागच्या डोंगरात सोडून दे. त्याचा तो जगेल.

माझं म्हणशील तर शिंपले पुरे झाले. फेब्रुवारीपासून बर्फ फोडणाऱ्या बोटीवर काम मिळतंय. वर्षभराचा करार आहे, महिनाअखेर सही करायची. तिथे फोनला रेंज मुळीच नसते म्हणे.

अपराध पोटात घाल. तुझं पोट मोठं आहे असं म्हणत नाही.

तुझा,
तेप्पेई

●

ओबिजिमा,
२२ जानेवारी २०२५

चि. तेप्पेई यास,
अ. उ. आ.

‘त्याचा तो जगेल’ हे तुझं आवडतं वाक्य आहे, फक्त या वेळी सापावर बसवलंस. डोंगरात सोडणं गुन्हा आहे. डॉक्टर म्हणाले, बेटावरच्या पाखरांचं एक अंडं शिल्लक ठेवणार नाही.

११ तारखेला तो पळाला. माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवला होता, वर पाट, पाटावर तीन दगड. सकाळी दगड जागच्या जागी, पाट जागच्या जागी, आणि साप नाही. मी दारावर ‘भट्टी बिघडली आहे’ अशी पाटी लावली आणि पाच दिवस हमामखाना बंद ठेवला. भट्टीच्या खोलीत वरवर नजर टाकली, घंगाळी उपडी केली, कपड्यांच्या टोपल्या झटकल्या, नळामागे हात घातले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता निघाला की संपलं, पणजोबांपासूनचं सगळं एका सापाने गिळलं. तोकिए आजी रोज तीनला चिमटा घेऊन शोधायला यायच्या. म्हणायच्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांची मी, आता घरच्या टबात एकटी बसून कुणाशी भांडू?

भट्टी बिघडलेली असून आजोबा रोज भट्टीपाशी जातात, हे सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. जाऊन बघते तर ते स्टुलावर गुडघे शेकत बसलेत, भट्टीत विस्तव मंद, आणि शेजारी लाकडांच्या ढिगात तुझा तोफू ऐसपैस. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मी इथे पाच दिवस मरतेय, सांगता येत नव्हतं का? तर म्हणाले, तू विचारलं कुठे, तू पाटी लावलीस. डॉक्टरांनी ऊब सांगितली म्हणून ते पाच रात्री उठउठून लाकूड घालत होते. मार्चनंतर काडीसुद्धा उचलणार नाही म्हणणारे हेच!

आता लाकडी पेटी केली आहे, कुलपाची. ढिगात त्याने अख्खी कात टाकली होती, ती मी बेंतेनदेवीपुढे टांगली. मग मात्र बोटी भरून माणसं आली. जो तो बटव्यात ठेवायला तुकडा मागतो. तोकिए आजींनी सगळ्यांत मोठा घेतला, कारण सापाच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर त्यांच्या फ्रीजरमध्ये आहेत, बांगडा माशांच्या शेजारी. आपल्याकडे आइस्क्रीमशेजारी ठेवायला मी साफ नकार दिला.

म्हणजे तुझी युक्ती चालली, हे कबूल. पण तुझ्या कोल्ह्याने एक गोष्ट लिहिली नव्हती. हे जनावर वीस वर्षं जगतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या बोटापासून केला.

तेप्पेई, तू माणसाच्या जागी साप पाठवलास. तो भट्टीपाशी बसतो, तक्रार नाही. पण लाकूड घालत नाही.

आजोबांना म्हटलं, दोन ओळी लिहा. सोबत जोडली आहे, मी वाचलेली नाही. (वाचली.)

माया आहे, पण ती पोस्टाने पाठवायचा आता कंटाळा आला आहे.

ताई

●

तेप्पेई,

आशीर्वाद. अंगठा बरा आहे.

साप आला. मोची होऊन आला, रात्रभर फ्रीजमध्ये राहिला, डोक्यावर संत्रं घेऊन बसला, पण आला. चावतो. तूही लहानपणी चावायचास.

तो वीस वर्षं जगेल. मी एक्क्याऐंशीचा आहे. मी थांबायला तयार आहे, पण गुडघे ऐकत नाहीत.

या घरात सापाच्या वर्षाचा एकच जन्मला होता. तो कुठे आहे?

गेन्झो

●

मोंबेत्सु,
२९ जानेवारी २०२५

ती. आजोबा आणि ती. ताई,
दोघांना मिळून एकच शि. सा. न., कार्डावर जागा नाही.

बोटीच्या करारावर सही केली नाही. मुकादमाला सांगितलं, घरी भट्टीचं काम आहे, वीस वर्षांचं. तो म्हणाला, तू? आणि हसत सुटला. मी निघालो तेव्हाही हसत होता.

४ फेब्रुवारीच्या दुपारच्या बोटीने पोचतो. धक्क्यावर या. या वेळी माल प्रत्यक्ष पाहून घ्या, मगच खूण करा. परत पाठवायची सोय नाही. स्वभावाने तोफू नाही, पण चावायचं सोडलंय.

फक्त एक विनंती. येईन तेव्हा गारठलेला असेन, तरी फ्रीजमध्ये ठेवू नका. सापाला थोडं सरकायला सांगा.

तुमचाच,
तेप्पेई