बॉयलरवरची तीनशे बारा वाक्यं

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, मी सोडून. भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी पुढच्या पत्रात सविस्तर करीन, आज डोकं ठिकाणावर नाही.

कारखान्याचे मालक बदलले हे तुला कळवलंच होतं. आता नवा हुकूम निघालाय. बॉयलरवरच्या प्रत्येक शिफ्ट-इनचार्जनं इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यायची. मुख्य कचेरीतला साहेब फोनवरून सूचना देणार आणि आपण थंड बॉयलरवर त्या करून दाखवायच्या. तारीख १८ मार्च. नापास झाला तो इनचार्ज राहणार नाही.

मी एकोणीस वर्षं इनचार्ज आहे. बॉयलरचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकट्यानं वाचलेला दुसरा माणूस इथे नाही. अडलं की सगळे माझ्याकडे येतात. पण ताई, वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळत नाही. हे आजवर कोणाला बोललेलो नाही. घरी तर मी इंग्रजी बातम्या लावून मान डोलावतो आणि ही पोरांना दटावते की बाबा ऐकताहेत, गप्प बसा.

त्यातून साहेब लोक पुस्तकातलं बोलत नाहीत. आच वाढव म्हणायला ‘इन्क्रीज’ म्हणतील तर शपथ. ‘टर्न अप’ म्हणतात. कमी कर म्हणजे ‘टर्न डाउन’, बंद कर म्हणजे ‘शट डाउन’, पाणी भर म्हणजे ‘टॉप अप’. इवलंसं क्रियापद आणि मागे शेपूट. शेपूट बदललं की जनावर बदललं. अशी तीनशे बारा मी वहीत उतरवली आहेत, अकारविल्हे, क्रमांक घालून. तू तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात या लोकांशी बोललीस. प्रत्येकाचं एकेक वाक्य करून उलट टपाली पाठव.

धाकट्यावरचा लोभ या महिन्यात जरा जास्त असू दे.

तुझा,
भाऊ

दि. ११ फेब्रुवारी

चि. पंतोजीस अनेक आशीर्वाद.

तीनशे बारा वाक्यं करायला मी काय छापखाना आहे? साठ पाठवते. तीही घरातली, कारण रोज तोंडात येतात तीच बसतात. ‘आय गेट अप अ‍ॅट सिक्स.’ ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर.’ ‘वी रॅन आउट ऑफ सोप.’ ‘माय हजबंड पुट्स ऑफ एव्हरीथिंग.’ हे चौथं, म्हणजे नवरा सगळं पुढे ढकलतो, मी तुझ्या भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, अर्थ उद्या विचारतो.

पाठ करत बसू नकोस, कोणाशी तरी बोल. तुमच्या वजनकाट्यावरच्या बाई परदेशात राहून आल्यात असं तूच लिहिलं होतंस. त्यांच्याकडे जा. मान खाली घालावी लागेल, पण मोडत नाही ती. आणि बायकोला सांगून टाक.

तुझी,
ताई

दि. १ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

वाक्यं मिळाली. क्रमांक सतरा आणि एकेचाळीस एकच आहे, नीट बघत जा. साबण आणि दूध माझ्या काय कामाचं, असंही वाटलं होतं. तरी पाठ केली.

काट्यावरच्या बाईंकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी एका पावतीवरून मी त्यांना चारचौघांत बोललो होतो, ते त्या विसरल्या नव्हत्या. मी वही पुढे केल्यावर म्हणाल्या की पावती तेव्हाही बरोबरच होती. मी होय म्हणालो. मग त्यांनी खुर्ची सरकवली.

आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत जातोय. आणि काय झालंय ते ऐक. क्रमांक विचारला की वाक्य घडाघडा येतं. त्यांनी मधलंच एखादं टाकलं, की मी अलीकडच्या दहापासून म्हणत म्हणत तिथवर पोचतो. तोवर गाडी काट्यावर येऊन वजन होऊन जाते. बाई म्हणाल्या, तुम्ही वही फार चांगली पाठ केलीत, इंग्रजी राहिलं. त्यांनी हसून सांगितलं, पण मला रात्री जेवण गेलं नाही. सतरा दिवस उरलेत. परवा काचेतली पाण्याची पातळी मी दोनदा चुकीची टिपली. मी, ताई. हिच्या कानावर आलं, तेव्हा डोळ्यांचं निमित्त सांगितलं.

काहीतरी सुचव.

तुझा,
भाऊ

दि. ७ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

या खेपेला थट्टा करत नाही. वही कपाटात टाक आणि बाईंशी हवापाण्याचं बोल. नाही कळलं तर ‘से इट अगेन’ म्हण. मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे आणि तरी लोक मला हुशार समजायचे. पण तू ते म्हणणार नाहीस, याचीच धास्ती आहे. न कळता हो म्हणण्याची तुला जुनी खोड आहे.

निकाल काहीही लागो, त्याच दिवशी लिही.

तुझी,
ताई

दि. २० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

त्याच दिवशी लिहिणं झालं नाही.

साहेबांनी सहा सूचना दिल्या. पहिल्या दोन कळल्या, केल्या. तिसरी कळली नाही. पाणी भरायचं होतं की सोडायचं, एवढाच प्रश्न. माझ्या समोर दोन झडपा. माझ्या मागे इंजिनिअर, दोन फिटर आणि भोपू, ज्याला बॉयलर मी शिकवला. बॉयलर थंड होता, कोणतीही फिरवली असती तरी काही बिघडलं नसतं. मी ‘से इट अगेन’ म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मागे कोणीतरी खाकरलं. वेळ संपली.

इंजिनिअर नंतर म्हणाले, एवढा अनुभव असून एक झडप अंदाजानं फिरवता आली नाही? मी म्हणालो, “अंदाजानं फिरवायची असती तर साहेब, बॉयलरवर एवढे काटे कशाला लावून ठेवलेत?” निकालपत्रावर मी नापास. भोपू पास झाला. दोन सूचना त्यानं अंदाजानं केल्या, हे त्यानंच मला रडवेला होऊन सांगितलं.

उद्यापासून मी पाणी तपासायच्या टेबलावर. हिला सगळं सांगितलं, बातम्यांचंही. ती म्हणाली, बातम्यांचं मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

नव्या नियमानं कामाचा ताबाही इंग्रजीतच द्यायचा. आज संध्याकाळी इंजिनिअरसमोर भोपूला दिला. मी हे सांगितलं, ‘आय अ‍ॅम हँडिंग ओव्हर नंबर टू. द पंप कट्स इन लेट, लुक आउट फॉर इट. इफ द वॉटर गोज डाउन, डोन्ट वेट, शट हर डाउन. लुक आफ्टर हर.’ दोन नंबरचा बॉयलर तुझ्या हाती देतोय, पंप उशिरा लागतो, लक्ष ठेव, पाणी उतरलं तर वाट बघू नकोस, बंद कर, तिला सांभाळ. हो, तिला. मराठीत बॉयलर पुरुष आहे, पण तोंडातून तसंच गेलं.

एकदाही अडखळलो नाही, ताई. इंजिनिअर लिहायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मग मी चाव्या दिल्या.

भाऊजींच्या गुडघ्याचं लिही. मोठ्या बहिणीनं धाकट्याला जेवढं जवळ करावं, तेवढं करावं. आज त्याहून जास्त मागत नाही.

तुझा,
भाऊ