तबकडीची चढलेली पट्टी

मी, खाली सही करणारी गायिका, वय एक्याऐंशी, कान शाबूत, डोकं त्याहून शाबूत, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणणाऱ्या मुलाला बाहेर पाठवलं आहे.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना समान. गच्चीवरची खोली मात्र एकट्या सुनेच्या नावे. माझा रियाज नीट व्हावा म्हणून तिने सकाळी कधी मिक्सर लावला नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. त्यातून माझ्या नावाचा पुरस्कार वगैरे काढू नये.

३. दोन्ही तानपुरे नातीला. इथे जरा सविस्तर लिहिते, वकिलांनी कंटाळू नये.

माझी ती गाजलेली तबकडी. राग एका बाजूवर मावेना, म्हणून कंपनीच्या साहेबांनी ध्वनिमुद्रणाची फीत तबकडीवर उतरवताना तिची गती वाढवली. मी काळी चारच्या पट्टीत गायले, ते त्याहून चढ्या काळी पाचमध्ये बाहेर आलं आणि ताना मागे कुत्रं लागल्यासारख्या पळाल्या. मी भांडले. साहेब म्हणाले, "बाई, उलट जास्त छान वाटतंय!" लोकांनाही वाटलं. मग मैफलीत मी माझ्या पट्टीत बसले की मागे कुजबुज, "आज आवाज बसलाय वाटतं." शेवटी पट्टी चढवली आणि कित्येक वर्षं गळा ओरबाडून स्वतःचीच नक्कल केली. आता शिष्य त्या पळापळीला घराण्याची परंपरा म्हणतात. हसावं की रडावं कळत नाही.

नात रोज त्या तबकडीबरोबर गायची. गेल्या महिन्यात तिचा आवाज फाटला. माझ्या थोरल्या शिष्याने तिला सुनावलं, "आजीची पट्टी झेपत नसेल तर गाण्याचा नाद सोड." तेव्हापासून पोरगी गात नाही. मी खरं सांगितलं, तर म्हणते, "आजी, तू उगाच माझी समजूत काढतेस."

म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिते: पोरी, तबकडी बंद असताना तू सहज ज्या काळी चारमध्ये गायचीस, तीच माझी पट्टी होती. तीही जड जाऊ लागली तर खुशाल खाली उतर. पण गात राहा. तुझा आवाज मला फार आवडतो.

४. तबकडीच्या घरातल्या सगळ्या प्रती थोरल्या शिष्याला. तानपुऱ्यांना त्याने हात लावू नये.

५. शोकसभेत तबकडी वाजवू नये.

ठिकाण: रियाजाची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच.
सही: गायिका

साक्षीदार १, डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. नातीचा घसाही तपासला. विश्रांतीने बरा होईल.

साक्षीदार २, तबलजी, त्या ध्वनिमुद्रणात साथीला: सही माझ्यासमक्ष झाली. त्या दिवशी तबला मीच लावला होता. काळी चार.