अकरा नटांवरची लाल रेघ

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. मार्चमध्ये आमच्या डिपार्टमेंटच्या गणपतीची ऑर्डर द्यायला मी हमरापूरला मूर्तिवाल्या काकांच्या कारखान्यात गेले.

२. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये काकांची पांढरी अँबॅसिडर उभी होती. गडब गावाजवळ बंद पडली होती तीच. चौदा वर्षं ती तिथून हललेली नाही. टपावर, बॉनेटवर, मागच्या सीटवर मूर्तींचे रबरी साचे. प्लास्टरच्या भुकटीखाली काचा दिसत नव्हत्या.

३. तिसऱ्या खेपेला काकांनी ती मला विकली. आरसी बुक जागेवर आहे. नावावर करायचा अर्ज दिला आहे.

४. गाडी टेम्पोवर चढवून पेणला आणली आणि आपल्या गॅरेजमध्ये ठेवली. शटर वर करायला दोन माणसं लागली.

५. मागच्या रविवारी इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढलं. हेडच्या अकराही नटांवर लाल रेघ आहे.

६. अकराही रेघा तुटलेल्या आहेत.

हे पत्र सहाव्या मुद्द्यासाठी आहे.

गाडी मागितली तेव्हा काका हसले. "ही? हिचं काय करतेस? कोंबडी पन बसत नाय तिच्यात." चालू करीन, मी म्हणाले. "मिस्त्रीची पोर ना गो तू? रोह्याला कंपनीत हायस ना? मंग नवीन घे की, हप्त्यावर." मला हीच हवी, असं मी दोनदा सांगितलं. काकू आत एका मूर्तीच्या सोंडेला पॉलिश पेपर मारत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "देऊन टाका एकदाची. चौदा वर्सं साचे चढवते नि उतरवते मी तिच्यावरनं." काकांनी जी किंमत सांगितली ती मी मान्य केली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नसावं, कारण ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग सही केली. सही करताना त्यांचा उजवा अंगठा पुरता वाकत नाही. ते बघायला लागू नये म्हणून मी कागदाची दुसरी बाजू वाचत होते.

तुमच्याकडे किती जोर लागला ते मोजणारा टॉर्क रेंच नव्हता, हात होता. शेवटचा जोर देताना तुम्ही डोळे मिटायचात आणि पान्याची मूठ थांबली की म्हणायचात, "मार गो." मग मी बारीक ब्रशने बोल्टाच्या टोकावरून नटावर एक लाल रेघ ओढायचे. रेघ सलग आहे तोवर नट जागचा हललेला नाही. सैल झाला तरी रेघ तुटते, आणखी आवळला तरी तुटते. कंपनीत आम्ही आजही हेच करतो, फक्त त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो आणि खाली दोघांच्या सह्या लागतात. तुम्ही ही पद्धत कुठल्या कंपनीतून घेतली नव्हती, हमरापुरातून उचलली होती. तिथे मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. डोळे आखले की त्या मूर्तीला मग कुणी हत्यार लावत नाही, मालकसुद्धा नाही. काका तेव्हा आखणीसाठी पेणपर्यंत नावाजलेले. तुम्ही मला त्यांच्याकडे नेऊन दाखवलं होतं, दोन तास, एका शब्दाशिवाय. परत येताना मोटारसायकलवर म्हणालात, "आपली रेघ म्हणजे डोळे. रेघ दिसली की हात लावायचा नाय. मी पन नाय." मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि तो नियम मला इतका आवडला होता की मी तो वहीत लिहून ठेवला.

आता तो दिवस. मी पंधरा वर्षांची. गॅरेजमध्ये तीन गाड्या उघड्या पडल्या आहेत आणि तुम्ही तिन्हींमध्ये फिरताय. काकांची अँबॅसिडर दुसऱ्या दिवशी द्यायची आहे, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला सगळे तिच्यातून रोह्याला जाणार आहेत. फट बंद करणारं नवीन गॅस्केट घालून इंजिनावर हेड बसवलंय आणि नट एकदा आवळलेत. असे नट दोनदा आवळायचे असतात: एकदा थंड असताना, आणि इंजिन चालवून तापवल्यावर पुन्हा. रेघ दुसऱ्यांदा आवळल्यावर. हे मला पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "जेवून येतो, मग गरम करू." मला चारच्या रेल्वेगाडीने जिते गावी मैत्रिणीकडे जायचं होतं. तुम्ही येईपर्यंत थांबले तर गाडी चुकणार होती. मी विचार केला की रेघ आधी मारली काय आणि नंतर मारली काय. अकरा रेघा मारल्या, ब्रश रॉकेलमध्ये धुतला आणि गेले. स्टेशनवर गाडी वीस मिनिटं उशिरा आली. त्या वीस मिनिटांत मी परत येऊ शकले असते.

तीन गाड्यांमध्ये कुठलं काम कुठवर आलंय हे तुम्ही डोक्यात ठेवत नव्हतात, रेघ बघत होतात. रेघ त्यासाठीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबजवळ गाडीतून वाफ यायला लागली. काकांनी उतरून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण हाताने फिरवलं. उजव्या हाताने. काकू त्यांना रिक्षात घालून पेणला हॉस्पिटलात घेऊन गेल्या, बाकीची माणसं मिळेल त्या टेम्पोत बसून रोह्याला गेली, आणि तुम्ही पान्यांची पेटी बांधून मोटारसायकलवर गडबला पोचलात. त्यानंतर तासभर तरी त्या गाडीजवळ तुम्ही एकटे होतात. मग गाडी दोरीने ओढून हमरापूरला गेली आणि काकूंनी ती मागच्या शेडमध्ये ढकलून घेतली.

आठवड्याने काका गॅरेजच्या दारात आले. हाताला खांद्यापासून झोळी. मी आतल्या बाजूला टायरच्या मागे उभी होते. "मिस्त्री, कसं झालं हे?" तुम्ही पाना खाली ठेवलात. "माझ्या हातून राहिलं." एवढंच. काका म्हणाले, "माझा सीझन गेला, मिस्त्री. डोळे कोन आखनार आता?" तुम्ही म्हणालात की गाडी इकडे आणून द्या, पदरचं सामान घालून नीट करून देतो. ते म्हणाले, "नको. घरची मानसं तिच्यात परत बसायची नायत." त्या वर्षी हमरापूरचा एकही टेम्पो आपल्याकडे सर्व्हिसिंगला आला नाही. त्याआधी सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी ते आपल्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत उभे असायचे. पुढच्या वर्षीही आले नाहीत.

मी टायरमागेच राहिले. काका गेल्यावर सवयीने ब्रशकडे हात गेला तर तुम्ही तो आधी उचललात आणि खिशात ठेवलात. "दहावी हाय ना यंदा? अभ्यास कर. इथं नको येऊस." आवाज चढलेला नव्हता. मी अभ्यास केला. शाळेतून येताना रस्त्यावरून दिसायचं, तुम्ही स्वतःच रेघा मारताय. तुमच्या रेघा जाड यायच्या. बारावीनंतर डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली तेव्हा तुम्ही कुर्ल्याच्या बाजारातून एक जुना टॉर्क रेंच आणलात, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "अंदाजानं काम नको करूस." मी थँक्यू म्हणाले आणि तो पलंगाखाली सरकवला. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, आणि हे तुमचं सांगणं आहे. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. विचारायला मला चार वर्षं मिळाली होती. रोज जेवायला आपण समोरासमोर बसत होतो.

तेव्हापासून मी एकच गोष्ट खरी धरून चालले आहे: रेघा बघून तुम्ही नट दुसऱ्यांदा आवळले नाहीत, म्हणून गॅस्केट गेलं, म्हणून हात भाजला, आणि तुम्ही ते स्वतःच्या नावावर घेतलंत. मी आज मेंटेनन्समध्ये जे काही आहे ते ह्या वाक्यावर उभं आहे. शिफ्टवरची मुलं मला मागून 'डबल चेक मॅडम' म्हणतात, मला ते ऐकू येतं. गाडी मी ह्यासाठीच घेतली. कव्हर काढायचं, अकरा रेघा सलग दिसतील, आणि निदान एकदा त्या माझ्या डोळ्यांनी बघायच्या.

त्या सलग नाहीत. अकराही नट रेघ मारल्यानंतर पुढे सरकलेले आहेत, आवळायच्या दिशेने, साधारण एक अष्टमांश फेरा. सगळे जवळजवळ सारखे. तो तुमचा हात आहे, मला शंका नाही. गाडीला त्यानंतर दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, हे काकूंना मी विचारून घेतलं.

म्हणजे दोन शक्यता आहेत. एक, जेवून आल्यावर तुम्ही इंजिन तापवलंत, माझ्या रेघा दिसत असूनही नियम मोडून नट दुसऱ्यांदा आवळलेत, आणि गॅस्केट दुसऱ्याच कशाने तरी गेलं. मग 'माझ्या हातून राहिलं' हे तुम्ही तुमच्याबद्दलच म्हणालात. ब्रश दहावीसाठीच घेतलात, आणि रेंच हा फक्त रेंच होता. दोन, तुम्ही नट आवळले ते गडबला, रस्त्याच्या कडेला, गाडी कशीबशी घरी आणता येते का बघायला. मग मी धरून चालले तेच खरं. पान्याखाली नट सहज फिरले तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं असणार. हेड उघडल्यावर गॅस्केट कुठे जळलं ते मला दिसेल. नट कधी आवळले ते कशातही दिसणार नाही. फोटो काढून ठेवले आहेत. फोटोत रेघ सरकलेली दिसते, कोणत्या दिवशी सरकली ते नाही.

आईला विचारलं, बाबा कधी काही बोलले होते का. ती म्हणाली, "काय बोलतायत? जेवताना मान खाली. विचारलं तर म्हनायचे, होतं कधी कधी." मग म्हणाली, "ते गेले तेव्हा वाटलं, घरातला ग्रीसचा वास पन गेला. तू आणलास परत." गाडीकडे तिने पाहिलं नाही. चहाचा कप मात्र बॉनेटवर ठेवून गेली, तुमचा ठेवायची तसाच.

हे मला का कळायला हवं, तेही लिहिते. दुसरी शक्यता खरी असेल तर मला हमरापूरला जाऊन काकांना सांगायचं आहे की ते मिस्त्रीच्या हातून राहिलं नव्हतं. त्यांचा अंगठा त्याने वाकणार नाही. पण कारखान्यात अजून कुणी घाईने काम उरकलं की ते म्हणतात, "मिस्त्रीवानी करू नकोस." मूर्ती ठरवताना माझ्यासमोर एका पोरीला म्हणाले, मी कोण हे विसरून, आणि मग जीभ चावली. मी हसले. पहिली शक्यता खरी असेल तर हे सांगणं खोटं ठरेल, आणि तुमच्या नावावर तुमची चूक आहे तशी राहू द्यायला हवी. तुम्ही तेच पसंत केलं असतं.

आणि एक गोष्ट मी आत्तापर्यंत टाळली. पहिली शक्यता खरी निघाली तर मी सुटते. कुणालाही तेच हवं असेल. मला नको आहे. त्या दिवशी काकांसमोर उभं राहून तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, हे खरं असावं असं मला वाटतं. चौदा वर्षं मी त्यालाच अपराध म्हणत आले. ते खरं नसेल, तर तुम्ही मला इतका जीव लावला होतात ह्याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तरी लिहिते. हेड मी रविवारी सकाळी दहा वाजता उघडणार आहे. नट सोडवले की रेघा जातील. तुम्ही ते नट गॅरेजमध्ये आवळलेत की गडबला, एवढं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.