समृद्धीने सोडलेली शर्यत

पनवेल,
११ डिसेंबर २०२५

प्रिय वसू,

तुझी कंबर कशी आहे? इथे आम्ही बरे आहोत. कॉलेजच्या मैदानाची अर्धी जागा पार्किंगला गेली. मुलं करंजाड्याच्या रस्त्यावर डंपर चुकवत पळतात, मी कडेला उभी राहून शिट्टी वाजवते. माझा गुडघा आता जिन्यालाही कुरकुरतो.

फोनच करणार होते, पण तू मध्ये बोलशील आणि माझं सांगायचं राहील.

समृद्धी बरी आहे. नीट जेवते. तिला कुठे लागलेलं नाही, हे आधी सांगते. पाच हजार मीटरच्या शर्यतीचं काय झालं म्हणून तू विचारत राहिलीस आणि मी हवापाण्यावर बोलत राहिले.

ती पहिली होती, वसू. शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि ती ट्रॅक सोडून आतल्या गवतावर उतरली. मी जमेल तशी धावत गेले. ती बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"पाय मुरगळला?"

"नाही, मावशी."

"मग?"

"आज जिंकले असते तर परत कधीच थांबता आलं नसतं. मला हे नकोच होतं. आईला हवं होतं."

मला राग यायला हवा होता. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

आपल्याला घरचे अडवायचे. मी मिठागराच्या बांधावरून पळायचे आणि मागे बाबा काठी घेऊन. तुझं धावणं लग्नात संपलं, तेही मी पाहिलं. म्हणून लेकीला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा वाटलं, आपलं दोघींचं राहिलेलं ही पूर्ण करेल. तिला विचारायचं मात्र दोघींनाही सुचलं नाही.

संघातून तिचं नाव मी काढलंय. "आईला सांगू नका" म्हणाली होती. पण संध्याकाळी तुझा फोन वाजला की ती आधी मुद्दाम धापा टाकते, मग उचलते. नुकतीच धावून आल्यासारखी. मला ते बघवत नाही.

रविवारी ये. आता बहुतेक ती माझ्याशी बोलणार नाही. तू तरी तिच्याशी बोल, आणि शर्यतीचं सोडून बोल.

खूप दमलेली, तरी तुझीच,
भामा