रविवारपर्यंत पाण्यात

पेलोतास

आई, आशीर्वाद दे.

मी मजेत आहे. इथे थंडी मरणाची, पण क्लबात जेवण पोटभर. गुडघाही कुरकुरत नाही. म्हणजे बसून राहिलं तर नाही.

ताईच्या पत्रातून कळलं, माझा गोल होईपर्यंत तू संत अंतोनीच्या मूर्तीला पाण्याच्या पेल्यात डोकं खाली करून बुडवून ठेवलंयस. अगं, तो लग्नं जुळवणारा संत! त्याला फुटबॉलमधलं काय कळतंय? काढ बिचाऱ्याला बाहेर.

परवाच्या सामन्यात मी रेषेकाठी धावून धावून अंग गरम करत होतो, तर कोच ओरडला, "आजोबा, बसा आता, गवत झिजेल!" बाकावरची पोरं खिदळली. मीही हसलो. पण पाय थांबत नाहीत गं, हे लिहितानाही टेबलाखाली धावतायत.

बाबांची कंबर कशी आहे? काजूला मोहोर आला का?

आमचा नऊ नंबरवाला काल सरावात लंगडत बाहेर गेला. येत्या रविवारी त्याच्या जागी सुरुवातीपासून मी खेळणार. हंगामातला शेवटचाच सामना, आणि माझा करारही तिथेच संपतो.

तेव्हा आई, संताला रविवारपर्यंत राहू दे पाण्यात. गोल नाहीच झाला, तर त्याला पुसून सरळ उभा कर, आणि पडवीत माझा झोपायचा झुला बांधून ठेव.

तुझाच,
जेनिवाल्दो